भेगेवरचं कुत्रं

भूकंपानंतरच्या लातुरात तसबिरींचा धंदा जोरात होता, असं आज कुणाला सांगितलं तर माझी चेष्टा होते. पण खरंच होता. किल्लारीकडे गावंच्या गावं गेली. आमच्या शहरात बहुतेक घरं उभी राहिली, फक्त भिंतींना भेगा पडल्या. ज्यांचं घर उभं आहे त्यांनी भेगांचं रडगाणं गायचं नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. म्हणून लोक भेगा झाकायचे. फ्रेमवाल्याच्या दुकानात माणसं सुतळीचा तुकडा घेऊन जायची. सुतळी म्हणजे भेगेचं माप. दुकानदार विचारायचा, "कशाचं चित्र पाहिजे?" गिऱ्हाईक म्हणायचं, "साडेतीन फूट." मग देव असो, काश्मीरचं तळं असो की गोरंगोमटं बाळ असो, साडेतीन फुटाचं जे असेल ते घरी यायचं. आमच्या शेजारच्या काकांनी भेग तिरकी म्हणून तसबीरही तिरकी लावली होती. त्यांच्याकडे चहाला गेलं की सगळे पाहुणे मान वाकडी करून बसायचे.

आमची भेग मागच्या खोलीत होती. दोन खोल्यांचं विटांचं घर, बाबांनी पोटाला चिमटा काढून बांधलेलं. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघाली होती ती थेट छताजवळ पोचली होती. दुरुस्तीला एक मिस्तरी आला. त्या दिवसांत मिस्तरी मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखं होतं, त्यामुळे आम्ही त्याला दोनदा चहा आणि एकदा पोहे दिले. त्याने भेगेत सिमेंट लिंपलं, वरून चुना मारला आणि दुपारच्या जेवणाआधी हात धुऊन मोकळा झाला.

"बाई, आता ह्या भिंतीला हत्ती बांधा," तो आईला म्हणाला. "तसूभर हालायची न्हाई."

"आतून काय केलं?"

"आतून बी तेच केलंय."

दिवाळी गेली आणि भेग पुन्हा डोकावली. बाबा मिस्तरीकडे गेले की तो म्हणायचा, "उद्या येतो, साहेब." त्याचा उद्या काही उगवला नाही.

बाबा एका सरकारी ऑफिसात कारकून होते. कुणी फसवलं, कुणी रांगेत पुढं घुसलं, कुणी सायकलची हवा सोडली, तरी त्यांचे दोनच शब्द ठरलेले: "जाऊ द्या." आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला ते दोन शब्द ऐकले की कपाळावर आठी पडायची. मी राग आईचा घेतला आणि उंची बाबांची. ताडमाड आणि तापट मुलगी सांभाळणं सोपं नसतं, हे दोघांनीही मला वेळोवेळी ऐकवलं आहे.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. लातूरला बदली होण्याआधी ती किल्लारीच्या बाजूच्या एका गावात शिकवायची. भूकंपानंतर इतर शिक्षकांबरोबर ती तिकडे एकदा जाऊन आली. आली, हातपाय धुतले, आणि आपली वळकटी उचलून अंगणात शेवग्याखाली नेऊन टाकली. तिकडे काय पाहिलं ते ती बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. माझ्या शाळकरी वयात मी दाखवलेला तेवढाच एक समजूतदारपणा.

पहिले काही आठवडे सगळी गल्लीच बाहेर झोपायची. जत्रेसारखं वातावरण असायचं, गप्पा, पत्ते, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर गाणी. हळूहळू एकेक घर आत गेलं. आई गेली नाही. थंडीत ती दोन गोधड्या घेऊन अंगणात. पावसाळ्यात व्हरांड्यात, तेही पाय दाराच्या आत आणि डोकं बाहेर. "डोकं वाचलं पाहिजे," ती म्हणायची. बाबांना थंडीत खोकला व्हायचा, तरी त्यांनी आपली खाट तिच्याशेजारीच टाकली. रात्रभर ते खोकायचे आणि ती त्यांना आत जा म्हणून रागवायची. ते काही जायचे नाहीत. त्यांना जगाकडून फार काही नको होतं. आईनं घरात, छपराखाली, डोळे मिटून झोपावं एवढंच हवं होतं. ते देवाला नवस बोललेत की काय, अशी मला शंका होती, कारण ते गुपचूप शनिवार करायला लागले होते.

भेगेवर काहीतरी लावायचं म्हणून आईच्या पर्समध्येही सुतळी होती. पण लातूरच्या दुकानातलं एकही चित्र तिला पसंत पडेना. देवाची तसबीर भेगेवर लावणं तिला पटत नव्हतं. "देवाला काय बुजवायच्या कामाला लावायचं?" काश्मीरचं तळं पाहून तिला पाण्याची टंचाई आठवायची. बाळाकडे तर ती बघायचीच नाही. असं करत करत दोन-तीन वर्षं गेली, आणि सुतळी तशीच पर्समध्ये राहिली.

मग माझ्या मुखेडच्या मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला आईचं सगळं माहेर नांदेडला गेलं. साड्यांच्या दुकानातून बायका बाहेर पडेनात, तेव्हा आई कंटाळून समोरच्या एका चित्रांच्या दुकानात शिरली. मी मागोमाग. आत पंखा, गालिचा, कपाटात मोठमोठी पुस्तकं. तिथं भिंतीवर ते चित्र होतं. मातीचं घर, निळं दार, आणि दाराच्या उंबऱ्यावर एक लाल गावठी कुत्रं झोपलेलं. झोपलेलं म्हणजे कसं, तर चारी पाय ताणून, पोट उन्हाला देऊन, एक कान उलटा पडलेला. आई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

दुकानदार सफारीतला, बोलण्यात साखर. "ताई, ही बाजारातली तसबीर नाही. ही हाताची प्रिंट आहे. चित्रकार लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरतो, शाई लावतो आणि एकेक कागद स्वतः दाबून काढतो. पन्नासच काढल्या, मग ठोकळा मोडून टाकला. ही बघा खाली पेन्सिलीनं त्यांची सही. आणि हा नंबर. पन्नासातली सातवी." वर एक छापील प्रमाणपत्रही त्याने दाखवलं. आईने पर्समधली सुतळी काढून फ्रेमला लावली. चित्र वीतभर कमी पडत होतं.

"आई, वर भेग दिसेल," मी म्हटलं.

"दिसू दे."

चित्र घरी आलं, बाबांनी स्टुलावर चढून ते लावलं, आणि त्या रात्री आईने आपली वळकटी उचलून मागच्या खोलीत आणली. बाबांनी थोड्या वेळाने आपली खाट आत घेतली, तीही इतक्या हळू की जणू मांजराच्या पिलांची टोपली उचलताहेत. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "भूकंपाच्या दिवशी पहाटे तिकडं गावातली कुत्री रडत होती म्हणतात. जनावराला आधी कळतं. हे कुत्रं बघ कसं निवांत पडलंय. त्या घराला काही होत न्हाई." तिचा तर्क शाळेत चालला नसता, पण आमच्या घरात चालला. बाबांचा खोकला थांबला. घरात पुरणपोळी झाली. निमित्त विचारलं तर सोमवार, म्हणे.

आम्ही वर्षभर सुखात होतो.

तोवर लातूरचं रूप पालटत चाललं होतं. दहावी-बारावीच्या निकालांनी शहराला नवं काम मिळालं होतं: क्लास. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या. हिमायतनगर, देगलूर, मुखेड, कुठून कुठून मुलं पत्र्याच्या पेट्या आणि आईने दिलेले लाडूचे डबे घेऊन उतरायची. ज्यांच्या घरात एक खोली जास्त होती त्यांनी तीत चार कॉट टाकल्या. ज्यांच्याकडे गोठा होता त्यांनी म्हशी विकून अभ्यासिका काढली, आणि पावसाळ्यात तिथल्या मुलांच्या वह्यांना शेणाचा वास यायचा. मीही अकरावी सायन्सला गेले आणि अशाच एका क्लासला लागले. क्लासच्या सरांनी नवीन केबिन केलं होतं. चाचणीत माझे दिवे लागल्यावर मला तिथं बोलावणं आलं.

सर बोलत होते आणि मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते. निळं दार. लाल कुत्रं. उलटा कान. खाली पेन्सिलीची सही आणि नंबर. सात, छेद पन्नास.

घरी येऊन मी ते जेवतानाच सांगितलं. आईचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून परस्पर क्लासला आली. सरांना वाटलं, जागरूक पालक. त्यांनी माझी उत्तरपत्रिका काढून भौतिकशास्त्राची चर्चा सुरू केली. आई उठून उभी राहिली आणि सरांच्या खुर्चीमागे जाऊन चष्मा वर करून भिंतीकडे बघू लागली.

"सात," ती म्हणाली.

"सात नाही हो बाई, इतकंही वाईट नाही," सर म्हणाले. "एकोणीस पडलेत."

"हे कुठून आणलं?"

"हे होय? नांदेडहून. हाताची प्रिंट आहे. पन्नासच आहेत जगात," सर अभिमानाने म्हणाले. आईने त्यांना काही सांगितलं नाही. माणूस सुखात असताना त्याला उठवू नये, असं ती नंतर म्हणाली. माझ्या एकोणीस मार्कांबद्दल मात्र ती तेवढी उदार नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं नांदेडला दुकानात गेलो. दुकानदाराने थंड मागवलं. आईने विचारलं, पन्नासातली सातवी दोघांकडे कशी? तो जराही ओशाळला नाही. "ताई, सात आकडा शुभ. गिऱ्हाईक तोच मागतं. आणि चित्र तेच, कुत्रं तेच, तुम्हाला आवडलंय, मग भांडण कशाचं?"

"जाऊ द्या," बाबा म्हणाले.

"काहून जाऊ द्यायचं?" आई दुकानातच कडाडली. "तुम्ही जाऊ द्या, जाऊ द्या करून राहिलात म्हणून हे लोक असे सोकावले."

घरी आल्यावर तिने चित्र भिंतीवरून उतरवलं, नीट बघावं म्हणून. मागे भेग होती. नुसती होती असं नाही, चांगली पोसली होती. मिस्तरीचं सिमेंट पोपडे होऊन पडलं होतं. आईने अंबाड्यातला आकडा काढून भेगेत घातला, तो पुरता आत गेला. ती आकड्याकडे बघत राहिली. मग वळकटी उचलून अंगणात गेली. बाबांनी मुकाट्याने खाटेचा एक पाय धरला, दुसरीकडून मी धरला.

अंगणात खाट टाकल्यावर मी चिडून म्हटलं, "अगं, चित्र छापील निघालं म्हणून कुत्र्याची झोप मोडली का?"

"चित्राचं न्हाई ग," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "एकानं सांगितलं हत्ती बांधा. दुसऱ्यानं सांगितलं हाताचं हाय. मी दोघांच्या शब्दावर डोळे मिटले. आता कुणाच्या शब्दावर मिटू?"

मला तेव्हा रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. त्या रात्री मी ठरवलं की त्या सफारीवाल्याला सोडायचं नाही. ठरवायची काही गरज नव्हती म्हणा, आईने ते आधीच ठरवलं होतं.

शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून तिने ग्राहक संरक्षण कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार चालते, आपलं आपण बोलता येतं, हे वाचून तिचा चेहरा उजळला. बोलण्यात तिला कोण हरवणार होतं? त्या पुस्तकातला 'अनुचित व्यापारी प्रथा' हा शब्द तर तिला फारच आवडला. वस्तू ज्या प्रकारची नाही त्या प्रकारची आहे असं सांगून विकणं, म्हणजे ती. दूधवाल्याच्या दुधात पाणी: अनुचित व्यापारी प्रथा. मी भाजी ठेवून नुसता भात खाल्ला: तीही अनुचित व्यापारी प्रथा. एके दिवशी ती पुस्तक घेऊन धावतच बाहेर आली. "अहो, हे बघा, सेवेतील त्रुटी! ह्यात आपला मिस्तरी पण बसतो!"

"मग दोघांवर करायची का तक्रार?" बाबांनी घाबरत विचारलं.

"आधी कुत्रं. मग हत्ती."

चित्र नांदेडला विकलं गेलं होतं, म्हणून तक्रार नांदेडच्या ग्राहक मंचात. दुकानदार तारखा घेत राहिला आणि आम्ही एसटीने जात राहिलो. शेवटच्या मोठ्या तारखेला चित्र बरोबर आणायला सांगितलं होतं. बाबांनी ते सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर उभं धरलं. अहमदपूरला एक आजीबाई चढल्या, त्यांनी चादरीला हात लावून डोळ्यांना लावला.

"कोणत्या देवाची तसबीर हाय, बाबा?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. "कुत्र्याची आहे," ते म्हणाले.

आजीबाईंनी क्षणभर विचार केला. "दत्ताजवळ असतेत की कुत्री," असं म्हणून त्यांनी पुन्हा नमस्कार केला. लोह्यापर्यंत आणखी दोघातिघांनी केला. मी खिडकीकडे तोंड करून पोट धरून हसत होते, आणि आई मला कोपराने ढोसत होती, पण तिचेही खांदे हलत होते.

मंचात अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यातल्या एक बाई. दुकानदाराने वकील आणला होता. वकिलांनी सांगितलं, सही खरी आहे, प्रिंट हाताची आहे, क्लासमधल्या चित्राबद्दल आमच्या अशिलाला काही ठाऊक नाही. आईने पर्स उघडली आणि खोडरबर काढला. प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेच्या पर्समध्ये दुसरं काय असणार?

"साहेब, सही पेन्सिलीची हाय म्हणतात. मग ती खोडता आली पाहिजे. खोडली गेली तर माझी तक्रार खोटी. मी गुमान घरी जाईन."

वकील ताडकन उठले. पुराव्याची नासधूस, अमुक, तमुक. अध्यक्षांनी दुकानदाराला विचारलं, "तुमची हरकत आहे का?" दुकानदार आपल्या वकिलांकडे बघू लागला आणि वकील छताकडे. शेवटी सदस्य बाईंनी हात पुढं केला. शिपायाने पेचकसाने फ्रेम उघडून काच काढली. बाईंनी आधी एका कागदावर पेन्सिलीने रेघ ओढून खोडली. गेली. मग सहीच्या एका टोकाला खोडरबर लावला. समजा खोडली गेली असती तर? आईने पैज लावली होती ती आपल्या झोपेची, आणि हे त्या खोलीत फक्त आम्हा तिघांनाच माहीत होतं.

बाईंनी घासलं. आणखी घासलं. जोर लावून घासलं. सही जशीच्या तशी. नंबर जसाच्या तसा.

"छापलेली आहे," बाई म्हणाल्या, आणि खोडरबराचा चुरा फुंकून टाकला.

दुकानदाराच्या वकिलांनी मग दुसरी बाजू धरली. समजा छापील आहे; पण यांना चित्र आवडलं, वर्षभर भिंतीवर लावलं. नुकसान काय झालं? अध्यक्षांनी आईला तेच विचारलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडावर फेकणाऱ्या माझ्या आईने आधी पर्स बंद केली. मग तिने पदर सारखा केला आणि सांगितलं. किल्लारीकडचं गाव, शाळा, अंगणातली खाट, निवांत झोपलेलं कुत्रं, सगळं. जे तिने आम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते तिने तीन परक्या माणसांसमोर सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी ह्या माणसाच्या शब्दावर घरात झोपायला लागले होते, साहेब. नुकसान मापायला माझ्याजवळ सुतळी न्हाई."

बाबा रुमालात तोंड घालून बसले होते. दुकानदारही खाली बघत होता. लबाड होता, पण अगदीच दगड नव्हता.

मंचाचं म्हणणं असं पडलं की वस्तू परत करा आणि किंमत परत घ्या. आई म्हणाली, कुत्रं देणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, दोन्ही कसं मिळेल? नियम आहे." "मग किंमत राहू द्या," आई म्हणाली, "पण हे चित्र काय हाय ते ह्यांनी मागच्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहून द्यावं. आणि जी अजून विकायचीत त्यांच्यावर पण लिहावं." सदस्य बाई हसल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला. दोन्ही गोष्टी आदेशात आल्या. दुकानदाराने तिथंच टेबलावर वाकून पाठीमागे लिहिलं: हे चित्र यंत्रावर छापलेले आहे. एकूण किती छापली, ते मलाही माहीत नाही. आईने वाचलं आणि म्हणाली, "छान. खाली सही करा. पेननं."

ही बातमी लातुरात आमच्याआधी पोचली नव्हती. ती बाबांनी पोचवली. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेले बाबा संध्याकाळी मुद्दाम पानाच्या ठेल्यावर गेले, तिथं मिस्तरी उभा होता, आणि त्याला सहज सांगावं तसं म्हणाले, "तुमच्यासाठी पण कलम आहे म्हणे त्या पुस्तकात." दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी दारात. बरोबर दोन गडी, वाळू, सळया, लोखंडी जाळी.

"बाई, मला नोटीस नका काढू. लेकराबाळाचा माणूस हाय मी."

"मी काय मागितलं होतं तुला? आतून काय केलं ते सांग म्हटलं होतं."

या वेळी त्याने आतून दाखवलं. भेगेच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर विटांपर्यंत खरवडून काढलं, भेग पाण्याने धुतली, आडव्या खाचा पाडून त्यात वाकवलेल्या सळया बसवल्या, जसे जखमेला टाके घालतात. त्यावर जाळी, त्यावर मसाला. आई खुर्ची टाकून समोर बसली होती. प्रत्येक टाका तिने बोटाने ओढून पाहिला. मग पुढचे कितीतरी दिवस ती गोणपाटं ओली करून भिंतीला पाणी मारायची, सकाळ-संध्याकाळ, झाडाला घालावं तसं. मिस्तरी अधूनमधून स्वतःहून चक्कर टाकायचा आणि भिंतीवर थाप मारून आईकडे बघायचा. हत्तीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

चित्र आईने समोरच्या भिंतीवर लावलं. दुरुस्त केलेली भिंत उघडीच ठेवली. "काही झालं तर दिसायला पाहिजे," म्हणाली. पण वळकटी मात्र अंगणातच होती. बाबांनी खाट झटकली आणि तिच्याशेजारी टाकली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन नवी वसतिगृहं झाली होती, तिथवर पक्की सडक करायचं काम निघालं होतं, पण काम आज सुरू होणार हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून डुलक्या घेत होते. एकाएकी मांडणीवरचे पेले किणकिणले. मग खिडकीचं तावदान. मग पायांखालची फरशी थरथरली. मी किंचाळत बाहेर. बाबा बनियनवर बाहेर. शेजारचे काका, अभ्यासिकेतली मुलं, कुणाच्या हातात वही, कुणाच्या हातात ताट, सगळी गल्ली रस्त्यावर. आणि कोपऱ्यावरून धुरळा उडवत, गुरगुरत रस्त्याचा रोलर आला. अशी हशाची लाट उठली की काही मुलं खालीच बसली.

हसता हसता मी आजूबाजूला पाहिलं. आई नव्हती.

अंगणात नव्हती, व्हरांड्यात नव्हती. मी आणि बाबा धावत आत गेलो. मागच्या खोलीत, दुरुस्त केलेल्या भिंतीला पाठ टेकेल इतक्या जवळ, नुसत्या फरशीवर आई झोपली होती. कामं आटोपून गारव्याला जरा टेकली असेल. मांडणी किणकिणत होती, फरशी हलत होती, आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती बारीक घोरत होती.

मी हाक मारणार तेवढ्यात बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग ते तसेच बनियनवर, अनवाणी, तापलेल्या खडीवरून चालत गेले आणि रोलरच्या पुढं जाऊन उभे राहिले. जन्मात कुणाला आडवं न गेलेला माणूस. ड्रायव्हरने वरून ओरडून विचारलं, काय झालं म्हणून.

"बंद करा," बाबा म्हणाले. "आमची ही आत झोपलीय."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. ती उठेपर्यंत बाबा रोलरसमोर खडीच्या ढिगावर बसून राहिले.